पडद्याला थांबता आलं पाहिजे

नाच, समोर बसून वाजवलेलं संगीत आणि पडद्यावरची चित्रं एकत्र आली की काय होतं, यावर लिहा, असं संपादक म्हणाले. सोपं लिहा, ताल-मात्रांत शिरू नका, अशी अटही घातली. जमेल तेवढी पाळतो.

मी नृत्यनाट्यांना संगीत देतो. गाव पोलादपूर तालुक्यातलं, काम बहुतेक मुंबई-पुण्याचं. गेल्या वर्षी महाडसाठी आम्ही सावित्री नदीवर बॅले बसवला. महाबळेश्वरच्या डोंगरातून निघून पोलादपूर, महाड करत बाणकोटच्या खाडीला जाणारी नदी, ऑगस्ट 2016 मध्ये वाहून गेलेला पूल, जुलै 2021 चा पूर, तळिये गावावर कोसळलेली दरड, हे सगळं त्यात होतं. आयोजकांचं म्हणणं, संगीत पेनड्राइव्हवर आणा, वादकांचे पैसे वाचतील, त्यात मोठी एलईडी भिंत घेऊ. भांडून अर्ध्या प्रयोगाला ढोल, सनई आणि गायक मिळाले. पुराचा भाग मात्र ध्वनिमुद्रित ठेवावा लागला, कारण त्यावरची चित्रफीत ठरावीक लांबीची होती.

त्याच भागात एक मुलगी दुसरीला खांद्यावर घेऊन वळते आणि हळूच खाली ठेवते. प्रयोगाच्या रात्री तिला अर्धा श्वास जास्त लागला. ट्रॅक थांबला नाही. ती सखीला खाली ठेवतेय तोवर पडद्यावरचं पाणी डोक्यावरून गेलं होतं आणि सनईची किंकाळी संपून शांतता सुरू झाली होती. टाळ्या पडल्या, कुणालाच काही खटकलं नाही. मला मात्र अजून खटकतं. तळियेत माणसं गेली त्या प्रसंगावरचा तो क्षण होता आणि तो यंत्राच्या घाईत गेला.

आमच्याकडचा जाखडी नाच आठवा. गाणारे बुवा, ढोलकीवाला, झांजवाले मधोमध बसतात आणि पायात चाळ बांधलेले गडी त्यांच्याभोवती फेर धरतात. मी शिकलेल्या सगळ्या रंगमंचशास्त्रापेक्षा ही रचना मला शहाणी वाटते. वादकाला प्रत्येकाचा पाय दिसतो, नाचणाऱ्याला हात दिसतो. महाडला विरेश्वराच्या छबिन्यात सासनकाठी नाचवतात तेव्हाही ढोलवाल्याचे डोळे काठीवर असतात. काठी कलली, नाचवणारा तोल सावरायला लागला, की ढोलवाला ठेका धरून ठेवतो. काठी सरळ झाली की मगच उठाव घेतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आता थोडं तालाबद्दल, अट मोडून. सम म्हणजे ताल जिथून सुरू होतो ती जागा, हे सगळ्यांना माहीत असतं. नर्तकाच्या बाबतीत ती घड्याळात नसते, तळपायात असते. उडी घेतली की शरीर खाली कधी येणार हे जमिनीवर, घामावर, पावसाळी हवेच्या दमटपणावर, आदल्या रात्रीच्या झोपेवर ठरतं. चांगला तबलजी तिहाईच्या, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणलेल्या तुकड्याच्या, शेवटच्या ‘धा’ला केसभर थांबतो आणि पाय टेकतानाच तो वाजवतो. त्या केसभर थांबण्यासाठी मी वादक मागतो.

ही मागणी नवी नाही. नर्तक उदयशंकरांकडे नाच आधी बसायचा आणि संगीत त्यावर बेतलं जायचं. त्यांच्या संगीताची धुरा वाहणारे विष्णुदास शिराली शास्त्रीय गायक पलुस्करांच्या तालमीतले. उदयशंकरांच्या 1948 च्या ‘कल्पना’ चित्रपटाचं संगीत त्यांचंच. मालवणकडचे आचार्य पार्वतीकुमार मुंबईत बॅले बसवत होते. उदयशंकरांच्या अल्मोड्याच्या केंद्रात शिकलेल्या सचिन शंकर यांनी 1953 मध्ये मुंबईत बॅले युनिट काढलं. इतकं असूनही ‘बॅले म्हणजे रशियन ना?’ असं मला आजही विचारतात. पडदाही नवा नाही. 1970 च्या सुमारास उदयशंकरांनी ‘शंकरस्कोप’मध्ये पडद्यावरची पात्रं रंगमंचावर उतरवली होती.

खरा वाद आज आहे तो क्लिकचा. चित्रफीत अचूक जुळावी म्हणून वादकांच्या कानात टिकटिक सोडतात आणि सगळे तिच्या मागे वाजवतात. म्हणजे वादक समोर बसवायचे आणि त्यांची नजर काढून घ्यायची. माझा याला ठाम विरोध आहे. उपाय आहे, तो महागही नाही. चित्रफितीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा कितीही वेळ फिरत राहील असा बनवायचा, आणि पुढच्या तुकड्यावर जायची कळ एका माणसाच्या हातात द्यायची. तो माणूस तांत्रिक कक्षात नको, ढोलवाल्याच्या शेजारी हवा. त्याला तालमीला पहिल्या दिवसापासून बोलवायचं. नदी चढायची थांबेल, पाय टेकेल, मग चढेल.

अमेरिकेच्या नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅमचं उदाहरण माझ्या तोंडावर फेकलं जातं. संगीतकार जॉन केजबरोबर त्याने नाच आणि संगीत वेगवेगळं रचलं, दोन्ही एकमेकांना बांधील नाहीत असं मानलं. 1999 च्या ‘बाइपेड’मध्ये नर्तकांच्या हालचाली टिपून केलेल्या आकृत्या पडद्यावर तरंगत होत्या. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तिथे संगीताने नाचाला धरायचंच नव्हतं, म्हणून ते सुटणंही अर्थपूर्ण होतं. आमच्याकडे ट्रॅक लावणाऱ्यांचा असा काही विचार नसतो, खर्चाचा तक्ता असतो. ‘जाणता राजा’सारख्या मैदानी प्रयोगाची गोष्ट निराळी. तिथे शेकडो माणसं, हत्ती, घोडे, लांबवर बसलेले प्रेक्षक. ध्वनिमुद्रणाशिवाय गत्यंतर नाही. दोनशे-तीनशे माणसांच्या सभागृहाला ही सबब लागू नाही.

शंका एकच पोखरते. आजच्या मुली लहानपणापासून ट्रॅकवरच शिकल्या. त्यांची अचूकता पाहून मी थक्क होतो. तालमीत पहिल्यांदा ढोल समोर आला तेव्हा त्या गोंधळल्या, वाजवणाऱ्याकडे बघायचं असतं हे त्यांना सांगावं लागलं. काही आठवड्यांनी बघायला लागल्या, एकीने तर स्वतःहून उडी लांबवली आणि ढोलवाला हसून थांबला. बाकीच्यांना ते ओझंच वाटलं असेल तर? मी जे मागतोय ते त्यांच्या शरीराला हवंच आहे का, हे मला त्यांच्याकडूनच कळणार.

आयोजकांना मी पत्र पाठवलंय: पुढच्या प्रयोगाला भिंत अर्ध्या आकाराची चालेल, वादक पूर्ण हवेत, आणि पडदा सांभाळणाऱ्याला तालमीचे पैसे द्यावेत. उत्तर यायचं आहे.