शिफ्टच्या भोंग्याआधीचे भाषण

टूलबॉक्स टॉक म्हणजे कारखान्यात शिफ्ट सुरू होण्यापूर्वी कामगारांना उभ्याउभ्या गोळा करून त्यांच्याशी सुरक्षेविषयी केलेले पाच-दहा मिनिटांचे बोलणे. कामगारांच्या तोंडी त्याचे नाव टीबीटी. कधी सेफ्टी ऑफिसर बोलतो, कधी सुपरवायझर, तर काही ठिकाणी लाइनवरच्या कामगारांनाच आळीपाळीने पुढे बोलावले जाते. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या रस्त्यावरील चितेगाव हे असेच कारखान्यांचे गाव. व्हिडिओकॉनच्या कारखान्यामुळे त्याचे नाव दूरवर गेले. प्रस्तुत लेखकाला चारचौघांत बोलता येऊ लागले ते या भागातील एका शेडमध्ये, आणि पुढील विवेचन त्या अनुभवावर उभे आहे. वक्तृत्वाच्या पुस्तकांतील बऱ्याच सूचना त्यात आढळणार नाहीत. शेडमध्ये त्यांचा उपयोग झाला नाही.

पहिला अडथळा भीतीचा. लोकांच्या नजरा आपल्यावर खिळल्या आहेत हे जाणवताच शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, हात थरथरतात, श्वास वरच्यावर चालतो. श्वास अपुरा पडला की वाक्य मध्येच तुटते आणि ते तुटलेले वाक्य स्वतःच्याच कानावर पडले की घबराट आणखी वाढते. यातले हाती लागण्याजोगे एकच असते ते म्हणजे श्वास. छातीची धडधड हुकूम देऊन थांबत नाही, उच्छ्वास मात्र लांबवता येतो. नाव पुकारल्यापासून पुढे येऊन उभे राहीपर्यंत श्वास सावकाश सोडत राहणे आणि पहिले वाक्य आखूड ठेवणे, एवढ्यावर निभावते. भीती पुरती जाण्याची वाट नवख्याने पाहू नये. मुरलेल्या वक्त्यांनाही सुरुवातीचा मिनिटभर ती जाणवते. टीबीटीची खरी सोय ही की तो वरचेवर होतो. वर्षातून एकदाच 15 ऑगस्टला भाषण करणाऱ्या विद्यार्थ्याची भीती दर वर्षी नव्याने सुरू होते. दर थोड्या दिवसांनी पुढे यावे लागणाऱ्या कामगाराची ती झिजत जाते.

भीतीवर त्याहून भरवशाचा उतारा म्हणजे विषय रोजच्या हाताखालचा असणे. ‘सुरक्षिततेचे जीवनातील महत्त्व’ या थाटाचे बोलणे सुरू झाले की ऐकणारे घड्याळाकडे पाहू लागतात. एका टीबीटीत एक यंत्र, त्यातला एक धोका आणि तो टाळण्याची एक कृती, यापलीकडे काही मावत नाही. पॉवर प्रेसचा डाय बदलण्याचे उदाहरण घेता येईल. काम करणाऱ्याने मेन स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप लावायचे, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची आणि काम चालू असल्याची पाटी अडकवायची. कारखान्यात याला लोटो म्हणतात. नुसती ही कृती सांगितली तर ती सूचनाफलकाची नक्कल होते. स्विच बंद केल्यावरही कुलूप कशाला, हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात असतो. डाय बदलणारा वाकून आत हात घालून बसला आहे, पलीकडून आलेल्या दुसऱ्याला तो दिसत नाही, त्याला फक्त बंद पडलेले मशीन दिसते आणि तो स्विच वर करतो, असे क्रमाने सांगितले की कुलपाचे कारण वेगळे समजवावे लागत नाही.

समोर उभे असलेल्यांत त्या प्रेसवर उभी हयात काढलेले लोक असतात. बोलणाऱ्यापेक्षा त्यांना अधिक माहीत असते आणि चुकले तर ते तिथल्या तिथे टोकतात. नवख्याला हे संकट वाटते, पण तयारी करून घेणारा याहून चांगला मास्तर नाही. शहाणा बोलणारा त्यांनाच मध्ये ओढतो: “मामा, कुलूप न लावता डाय बदलायला गेलं तर काय होतं, तुम्हीच सांगा.” मामा सांगतात, तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज बंद होते.

प्रश्न विचारत बोलण्याची ही रीत अर्थातच कारखान्याची नाही. गाडगे महाराजांची कीर्तने श्रोत्यांना प्रश्न विचारून, त्यांच्याकडूनच उत्तर वदवून पुढे सरकत. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडांतून वासुदेव, जोशी, विंचू अशी रोजच्या पाहण्यातली सोंगे घेऊन लोकांशी बोलणे मांडले. नाथषष्ठीला दिंड्या पैठणला येतात त्या काळात तर या भागात कीर्तनकार सहज ऐकायला मिळतात. टाळ-मृदंगाचा आवाज केव्हा थांबवायचा, विनोद कोठे टाकायचा आणि लोक हसत असताना गप्प कसे राहायचे, हे त्यांच्याकडे पाहून शिकता येते. वक्तृत्वाच्या शिबिरांची फी भरण्याआधी एखादे पूर्ण कीर्तन या नजरेने ऐकलेले बरे.

आवाजाविषयी शेडमधला धडा असा की ओरडल्याने आवाज चिरका होतो, दूर जात नाही. कॉम्प्रेसरच्या घरघरीत पोट भरून श्वास घेऊन, सावकाश आणि व्यंजने स्पष्ट उच्चारत बोललेले अधिक कळते. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, नकार बहुधा त्याच्याही मागे, आणि श्वास संपत आल्यामुळे नवखा नेमका शेवटच गिळतो. ‘ड्रिल मशीनवर हातमोजे घालायचे नाहीत’ यातले शेवटचे पद विरले तर मागच्या रांगेला उलटाच आदेश पोहोचतो; फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा अडकला की बोटे आत ओढली जातात. म्हणून वाक्याचा जोर अखेरच्या पदावर राखून ठेवावा. बिहार-उत्तर प्रदेशाकडचे कामगार समोर असतील तर मुख्य सूचना हिंदीत पुन्हा सांगावी. मोडक्या हिंदीला कोणी हसले तरी सूचना लक्षात राहते.

हातवारे आणि उभे राहण्याची ढब यांची फार चिंता करू नये. हाताला काम दिले, म्हणजे ज्या वस्तूविषयी बोलायचे ती वस्तू धरली, की तो प्रश्न मिटतो.

टीबीटीखेरीज कारखान्यात बोलण्याची आणखी एक संधी मार्चमध्ये येते. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना 4 मार्च 1966 ची. तो दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या आठवड्यात कारखान्यांत घोषवाक्यांच्या व वक्तृत्वाच्या स्पर्धा होतात. त्यांत भाग जरूर घ्यावा, पण त्यांना बोलण्याची शाळा मानू नये. तेथे आवाजाच्या चढउताराला दाद मिळते, टोकणारे मामा नसतात.

शेडबाहेर बोलणाऱ्याचा कस लागतो तो ग्रामसभेत. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातील तरतुदींनुसार वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि नियमित सभेपूर्वी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी कमी असेल ती. बोलण्याची आपली संधी बहुधा ऐनवेळच्या विषयांत येते, तोवर लोक उठू लागलेले असतात. शहराला जायकवाडीचे पाणी नेणाऱ्या जलवाहिन्या पैठण रस्त्याच्या कडेने जातात, त्यामुळे परिसरात पाण्याचा विषय निघाला की सभा तापायला वेळ लागत नाही. अशा वेळी टीबीटीची शिस्त कामी येते: कोणत्या गल्लीत किती दिवसांआड पाणी येते, नेमके काय हवे आहे आणि कधीपर्यंत, एवढेच सांगावे. सुरुवात आरोपाने केली तर उत्तरही आरोपानेच मिळते. शिवाय समोरचा पुष्कळदा भावकीतलाच असतो. त्याला मारलेला टोमणा गाव वर्षानुवर्षे विसरत नाही आणि मागणी मात्र त्याच संध्याकाळी विसरते.

भाषणाला टाळ्या मिळाल्या म्हणजे काम झाले असे येथे होत नाही. मुद्दा ठरावाच्या रूपात मांडावा, त्याला सूचक व अनुमोदक मिळवावेत, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी इतिवृत्तात तो कोणत्या शब्दांत लिहिला हे सभा उठण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावे.