आईची निळाई

बाबा गेल्यावर त्यांच्या आग्फा क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह सापडल्या. घरीच डार्करूम करायचं ठरवलं. पण वन बीएचकेत एन्लार्जर ठेवणार कुठे? बाथरूम मिळालं, तेही आईच्या अटीवर: चारला नळाला पाणी यायच्या आत रिकामं हवं.

मग जॉन हर्शेलचं १८४२ सालचं सायनोटाइप निवडलं. लोहक्षारांचा लेप साध्या पिवळ्या बल्बखाली लावता येतो. वर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात ठेवायचा, मग पाण्यात धुवायचा. ऊन लागलं तिथे निळं राहतं. छाप मात्र निगेटिव्हएवढाच, ६ बाय ६ सेंटीमीटर.

पाण्यात लग्नानंतरची आई उमटली. ती वाकून बघत राहिली. नळाला पाणी आलं, बादली लावायची राहूनच गेली.