नादुरुस्त सबब निर्लेखित

सरकारी कचेरीतील जडसंग्रह नोंदवहीत अखेरचा एक रकाना असतो, आणि वस्तू खुर्ची असो, पंखा असो वा संगणक असो, त्या रकान्यात बहुधा एकच मजकूर आढळतो: ‘नादुरुस्त सबब निर्लेखित’. कोकणातील एका कचेरीत ती नोंदवही माझ्या हवाली झाली तेव्हा पहिला संगणक नुकताच दाखल झाला होता. त्याच्यासाठी खोली थंड केली होती, दाराशी पादत्राणे काढण्याची सक्त ताकीद होती, आणि काम संपताच त्याच्यावर आच्छादन घातले जाई. एवढ्या सन्मानाने आलेल्या वस्तूचा निकाल तीन शब्दांत लागावा, हे माझ्या मनाला कधीच मानवले नाही.

पहिला अंत पाहिला तो सव्वापाच इंची फ्लॉपीचा. माहिती फ्लॉपीवर भरून पत्रासोबत जोडून पाठवावी, असा वरून हुकूम आला. आणि आमच्या बारनिशीच्या वृद्ध कारकुनांनी, आयुष्यभर ज्या शिस्तीने जोडपत्रे जोडली त्याच शिस्तीने, तिला दोन भोके पाडली, नाडी ओवली आणि पक्की गाठ मारली. जी चुंबकीय तबकडी फिरली तरच वाचता येते, ती अशी जागच्या जागी बांधली गेली. कचेरी पोट धरून हसली. मला मात्र त्या गाठीत एका इमानी हाताचे वळण दिसले, आणि तेच कारण म्हणून लिहावे असे फार वाटले.

पुढे संगणकांची संख्या वाढली तसे मृत्यूचे प्रकारही वाढले. त्या काळच्या संगणकाच्या पाठीमागे एक लहानशी तांबडी कळ असे, तिच्यावर ११५ आणि २३० असे दोन आकडे. वीज काटकसरीने वापरण्याचे परिपत्रक फिरले होते; एका होतकरू शिपायाने लहान आकडा पाहून कळ तिकडे सरकवली. वास्तविक ती कळ ११५ वर असली की आतील मंडल येणारा दाब दुप्पट करते, कारण ती योजना ११५ व्होल्टच्या देशांसाठी; आमच्याकडचे २३० दुप्पट होताच, सुमारे दोनशे व्होल्ट सोसणाऱ्या संग्राहकांवर (कपॅसिटरांवर) प्रत्येकी तीनशेहून अधिक पडले, आणि दिवाळीला अवकाश असताना कचेरीत बार उडाला. खंडेनवमीला फोडलेल्या नारळाचे पाणी कळफलकात शिरून ‘एंटर’ची कळ चिकटून बसली, तेव्हा पडद्यावर कोऱ्या ओळींची रांग कितीतरी वेळ धावत होती.

पण सर्वांत मनाला लागली ती पाल. पावसाळ्यातील एका सकाळी यंत्र सुरू होईना म्हणून वीजपुरवठ्याची पेटी उघडली, तो आत ती निपचित पडलेली. उबेच्या आणि उबेवर जमणाऱ्या चिलटांच्या ओढीने ती शिरली असावी. तिच्या देहाने दोन टोकांमधील अंतर जोडले आणि जीव व यंत्र एकाच क्षणी निवर्तले. अखेरच्या रकान्यात मी सविस्तर लिहिले: ‘पाल शिरल्याने विद्युत्‌मंडल जुळून दग्ध’. लेखापरीक्षणात हरकत निघाली. रकाना कारणाचा आहे, कथेचा नव्हे, असा शेरा आला. मी नोंद खोडली नाही.

पुष्कळ वर्षांनी मला कळले की ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ‘मार्क टू’ हे यंत्र अडले, तेव्हा ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग सापडला होता. यंत्रातील दोषाला कीटक म्हणण्याची रीत अभियंत्यांत एडिसनच्या काळापासूनच होती. इथे तर खरोखरीचा कीटक हाती लागला, आणि त्या मंडळींनी तो केराच्या टोपलीत न टाकता चिकटपट्टीने रोजनाम्याच्या पानावर, वेळेसह, चिकटवून ठेवला. ते पान आज स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेले आहे. हे वाचले त्या रात्री मला झोप आली नाही. ज्यांनी तो रोजनामा लिहिला त्यांच्याशी आपले काही नाते आहे, असे मनापासून वाटत राहिले.

निवृत्तीनंतर घरी एक संगणक घेतला. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सदोष द्रावणाचे संग्राहक जगभरच्या यंत्रांत बसवले गेले होते, आत वायू साचून त्यांची माथी फुगत. आमच्याही यंत्राचा शेवट तसाच झाला. मी घरची वही काढली, ओळी आखल्या आणि कारणाच्या रकान्यात ‘संग्राहकांची माथी फुगून’ असे लिहिले. हार्ड डिस्कमधील आरशासारख्या दोन तबकड्या मात्र सौभाग्यवतीने मागून घेतल्या. म्हणून विल्हेवाटीच्या रकान्यात नोंद आहे ती अशी: ‘परसातील पेरूच्या फांदीस दोऱ्याने बांधल्या. पोपट येईनासे झाले.’