अंदाज नको, तराजू हवा

आमच्या घरात साबणाचा विषय निघाला तो अम्मीच्या हातांमुळे. दिवसातून पाच वेळा वुजू, त्यात भांडीधुणी. बोटांना भेगा पडायच्या. शिवाय वडीत कोणती चरबी आहे, ही शंका तिच्या मनातून जात नसे. म्हणून वयाच्या सेहेचाळीसाव्या वर्षी, शाळा सांभाळून, मी घरीच साबण करायला शिकले.

विलेपार्ल्यात इर्ल्याच्या बाजारातून पहिली खरेदी केली ती एक ग्रॅम दाखवणाऱ्या वजनकाट्याची. अम्मी बिर्याणीचं मीठसुद्धा अंदाजाने घालते आणि ते कधी चुकत नाही. साबणाला मात्र अंदाज चालत नाही. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८३ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला सुमारे १३५. तेल बदललं की माप बदललं. माझं प्रमाण असं: खोबरेल २०० ग्रॅम, ऑलिव्ह २५०, एरंडेल ५०, सोडा ७२ आणि पाणी १६५. सोडा थोडा कमीच घ्यायचा, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि त्वचा कोरडी पडत नाही.

हातमोजे, चष्मा, उघडी खिडकी, मुलं लांब. सोडा हळूहळू पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीही ओतायचं नाही. ॲल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही. सोड्याची बरणी घट्ट बंद ठेवायची, कारण पार्ल्याच्या दमट हवेत तो लगेच पाणी ओढतो. मिश्रण पिठल्यासारखं दाट झालं की साच्यात ओतायचं, घट्ट झाल्यावर वड्या कापायच्या आणि चार ते सहा आठवडे वाळू द्यायच्या.

या वाळण्यावरूनच माझी परीक्षा झाली. शेजारच्या एका बहिणीचं शिवणकाम सुटलं होतं, मुलाची फी थकली होती. ईद दोन आठवड्यांवर आली असताना ती म्हणाली, "बाजी, वीस वड्या द्या, मी विकते." वड्या नऊ दिवसांच्या होत्या. मी नाही म्हटलं. कच्ची वडी कुणाच्या अंगाला लावायला देणं मला पटेना. शिवाय अंघोळीचा साबण बनवून विकायला सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांनुसार परवाना लागतो. ती काही दिवस बोललीच नाही, आणि मलाही घास गोड लागला नाही.

हलब आणि नाब्लुसचा ऑलिव्ह तेलाचा साबण जगात नावाजलेला आहे. २०२४ मध्ये युनेस्कोने या दोन्ही परंपरांची नोंद घेतली. हलबचे कारागीरसुद्धा वड्या महिनोन्‌महिने वाळवतात. त्यांनाही पोटं आहेतच.

आता ती बहीण रविवारी येते. सोडा ती तोलते, मी वहीत लिहिते. सध्या साबण फक्त आमच्या दोन घरांपुरता. परवान्याची चौकशी चालू आहे. अम्मीच्या भेगा साबणाने बऱ्या झाल्या असं मी सांगणार नाही. डॉक्टरांचं मलम चालूच आहे. पण वडीत काय आहे, हे आता ती विचारत नाही.

बहिणींनो, हा हुनर जरूर शिका. मात्र आधी तराजू आणा, आणि वडी वाळेपर्यंत थांबा. हलाल कमाईत हे थांबणंही आलं.