तिथीची पाऊणपट

माझं शहर रात्री दहानंतर उगवतं. जेवणं उरकली, आईच्या खोलीतला दिवा मालवला की मी डोक्याला हेडसेट चढवतो आणि अलिबागच्या माडीवरच्या खोलीतून थेट खाडीत उतरतो. तिथं खांबांवर उभ्या चाळी आहेत, कंटेनरांच्या उतरंडी आहेत, वर केबलींचा गुंता. आभासी वास्तवातला हा सायबरपंक खेळ एकट्यानं खेळायचा, आणि बांधतोयही मी एकटाच. तीन वर्षं झाली. घरच्यांच्या लेखी ते ‘काहीतरी कॉम्प्युटरचं’.

पहिलं वर्ष उसनवारीत गेलं. सायबरपंक म्हणजे १९८२च्या ‘ब्लेड रनर’मधला पाऊस, विल्यम गिब्सनच्या १९८४च्या ‘न्यूरोमॅन्सर’मधलं संगणकांचं जाळं, गुलाबी-निळे निऑन आणि मला न वाचता येणारी जपानी अक्षरं. मीही ती अक्षरं टांगली. शहर देखणं झालं. पण आत शिरलं की चुकून दुसऱ्याच लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटायचं.

एका संध्याकाळी मांडव्याहून रो-रो बोटीनं भाऊच्या धक्क्याला निघालो होतो. उजवीकडे न्हावा-शेव्याच्या क्रेन दिव्यांसकट पाण्यावर वाकलेल्या, आणि त्यांच्या अलीकडून एक होडी डुगडुगत चाललेली. मग आठवलं, अलिबागजवळच्या थळलाही हेच आहे की. पुढे दोऱ्यांवर बोंबील वाळतायत, मागे खत कारखाना रात्रभर जागा. टोकियोला कशाला जायचं होतं मला? त्या रात्री सगळी जपानी अक्षरं पुसली.

पावसानं मात्र दमवलं. हेडसेटला प्रत्येक डोळ्यासाठी चित्र वेगळं काढावं लागतं, सेकंदाला नव्वद वेळा. म्हणजे एका चित्राला अकरा मिलिसेकंद. त्यात पारदर्शक धारा एकीवर एक आल्या की यंत्राची दमछाक होते. कोकणातला आषाढ त्याला झेपत नाही. मग मी पाऊस दाखवायचा सोडून ऐकवायला लागलो. पत्र्यावरचा ताशा, कौलांवरची कुजबुज, झावळ्यांवरून उशिरा ठिबकणारे जाड थेंब. रेकॉर्डर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून दोन पावसाळे भिजलो. आणि डबक्यातलं प्रतिबिंब? त्याला जुनी लबाडी आहे. जमिनीखाली तेच गाव उलटं बांधायचं आणि डबक्याच्या जागी जमीन पातळ करायची. माझ्या शहराखाली असं एक उलटं शहर लोंबकळतंय. कधी कधी मी तिथंच जाऊन बसतो.

शहराच्या मधोमध काय ठेवायचं, हे कळत नव्हतं. सायबरपंक गोष्टींत तिथं एखाद्या कंपनीचा मनोरा असतो. मी तिथं वेधशाळा ठेवली. पूर्वी मुंबईतल्या कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी चालायच्या. तिथं विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेनं चुंबक बावरतील म्हणून नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली आणि १९०४ साली अलिबागला चुंबकीय वेधशाळा उभी राहिली, लोहचुंबकाला न छळणाऱ्या साहित्यातली. विजेपासून पळून आमच्या गावी आलेलं यंत्र! हे मला रोज तिच्यावरून शाळेत जाताना कुणी सांगितलं नाही.

माझ्या खेळात तिच्या आवारात पाऊल टाकलं की हातातली सगळी उपकरणं मुकी होतात. आत एक चुंबक टांगलेला, त्यावर आरसा, आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका कागदावर सरकतोय. बस्स. त्या खोलीला आवाज कुठला द्यायचा यावर अडलो नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, त्यानंतर वीज नसताना गाव कसं ऐकू येतं ते कानात बसलंय. फ्रीज नाही, पंखा नाही, पंप नाही. लांबवर कुणीतरी पडलेला माड तोडतोय.

सगळ्यात मोठी चूक शेजारच्या तांडेलकाकांनी काढली. हयात समुद्रात गेलेला माणूस. हेडसेट घालून चार पावलं टाकली आणि त्यांना बोट लागली. डोळे म्हणतात चाललोय, कानातला तोल म्हणतो उभा आहेस. दोघांचं जमलं नाही की मळमळतं. लिंबू चोखत काका म्हणाले, “चांद पुनवेचा, न् पानी भांगाचा?”

खरंच की. मी आकाशात कायमची पौर्णिमा लावली होती, देखणी दिसते म्हणून. पाणी मात्र अष्टमीसारखं मरगळलेलं. पुनवेला उधाण हवं. काकांनी बोटांवर हिशेब मांडला: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. तीन वर्षांत हजारो ओळी लिहिल्या, त्यांतली सगळ्यात लहान ओळ ही: तिथी गुणिले तीन, भागिले चार. शहराचं घड्याळ आता तिच्यावर चालतं. अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्याची वाट ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. खेळणाऱ्याला पंचांग धरूनच चालावं लागतं.

परवा सप्तमी होती. सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. खात्री करायला किनाऱ्यावर गेलो. सव्वापाच वाजले, पाणी अजून चढतच होतं. भेळवाल्याच्या गाडीला टेकून उभा राहिलो. साडेपाच. एक लाट आणखी वीतभर वर आली आणि माझ्या चपला भिजवून गेली.