ढोबळी गुणिले ज्वाला

ढोबळी मिरची तिखट का नसते? मिरचीत तिखटपणा असणार की नाही, हे मुख्यतः पन-वन नावाचं एक जनुक ठरवतं. ढोबळीत त्याच्या दोन्ही प्रती मोडक्या असतात. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनच्या सुरुवातीच्या ओळीच डिलीट झाल्यात, मग ते चालणार कुठून?

हे वाचल्यावर डोक्यात किडा वळवळला. आमच्या बाबांचं तिखट डॉक्टरांनी पूर्ण बंद केलंय. जन्मभर ठेच्याशिवाय भाकरी न मोडलेला माणूस आता ताटाकडे बघून गप्प जेवतो. ढोबळीचा ठेचा करून बघितला तर म्हणाले, "अरे, ही भाजी झाली." बरोबरच आहे. त्यांना हवाय तो हिरव्या मिरचीचा वास. आणि वास नि तिखटपणा वेगळे करता येतात. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या मायकल माझुरेक यांनी हबानेरोचा फळासारखा वास ठेवून जाळ काढून टाकलेली 'हबानाडा' तयार केली आहे. मग आपण बाल्कनीत ज्वालावर प्रयोग करायला काय हरकत आहे?

ज्वाला हे पुसा संस्थेचं वाण, तेही मुळात दोन वाणांच्या संकरातूनच आलेलं. ढोबळीची कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्याने उघडायची, आतले पुंकेसर काढून टाकायचे, मधल्या दांडीच्या टोकाला ज्वालाचे पराग लावायचे आणि देठाला दोरा बांधायचा. निम्म्या कळ्या गळतात. धीर सोडायचा नाही.

इथे एक गैरसमज. तिखट मिरचीशेजारी लावली की ढोबळी तिखट होते, असं बरेच जण सांगतात. त्या हंगामात तसं काही होत नाही. फळाचा गर आणि तिखटपणा साठवणारा आतला पांढरा भाग, दोन्ही आईचे. बापाचा वाटा फक्त बियांत. त्यामुळे दोरा बांधलेली ढोबळी आम्ही निवांत भाजीत घातली, बिया तेवढ्या राखल्या.

त्या बियांची पहिली पिढी झाडून सगळी तिखट निघते. चालतं जनुक एक असलं तरी पुरतं. घरच्यांना वाटलं, झालं, संपला प्रयोग. पण खरी गंमत तिच्याच बियांत. दुसऱ्या पिढीत चारातलं एक रोप बिनतिखट निघायला हवं.

आता हिशेब. माझ्या बाल्कनीत कुंड्या मावतात १२. बारातलं निदान एक तरी बिनतिखट निघण्याची शक्यता जवळजवळ ९७ टक्के. उत्तम! पण मोह आवरत नाही. लाल मिरचीवर पिवळी अप्रकट असते, म्हणजे पिवळीही चारात एकच. बिनतिखट आणि पिवळी दोन्ही एकत्र हवं तर सोळात एक, आणि तेवढ्याच खात्रीसाठी पन्नासच्या वर कुंड्या लागतात. ते शेतकऱ्याचं काम. बाल्कनीवाल्याने एका वेळी एकच गोष्ट मागावी. पिवळी सोडली.

बाराही रोपांना फळं आली. कुठे बुटकी, फुगीर. कुठे ज्वालासारखी वाकडी. एक तर चक्क पेरूच्या बाळासारखं गोल :) प्रत्येकाची चव मीच घेतली. देठाजवळच्या पांढऱ्या भागाचा कण जिभेच्या टोकावर, शेजारी दुधाचा पेला. (पाणी पिऊ नका. जाळ पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो.) दोन रोपं बिनतिखट निघाली. एकाला निव्वळ ढोबळीचा वास. दुसऱ्याची फळं बोटभर लांब, पातळ सालीची, आणि तव्यावर टाकल्यावर शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "ठेचा का?"

बाबांनी त्या ठेच्याबरोबर दीड भाकरी खाल्ली. म्हणाले, "मिरची आहे. जरा पाणचट आहे, पण मिरची आहे."

पाणचटपणावर काम बाकी आहे. साल, वास, लांबी हे सगळं अजून पिढीगणिक फिरत राहणार, आणि ते स्थिरावायला आणखी पाच-सहा पिढ्या लागतील. पण तिखटपणाचा निकाल लागला. या झाडाच्या दोन्ही प्रती मोडक्या, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या परागातून धरलेली सगळी रोपं बिनतिखटच. मधमाशीने ज्वालाचे पराग आणले की मात्र खेळ बिघडला. म्हणून कळ्यांवर जाळीच्या बारीक पिशव्या बांधल्या आहेत, आणि दूध आता चहाला.