दहा श्वास

शंभर या आकड्याचा मला लहानपणापासून फार अभिमान. आमच्या वडिलांनी पहाटे शंभर नमस्कार घालायची शिस्त लावली होती. ते कसे घातले यापेक्षा किती घातले, याचाच हिशेब मी ठेवीत असे. आणि पुढे आयुष्यभर सगळ्याच गोष्टींचा तसाच ठेवीत आलो.

गेल्या दिवाळीत आकाशकंदील टांगायला स्टुलावर चढलो आणि कंबरेत अशी कळ आली की कंदील शेजारच्या मुलाला टांगावा लागला. त्याचे काही वाटले नाही. पण धाकटी नात 'आजोबा, उचला ना' म्हणत हात पसरून उभी राहिली, तेव्हा मला मान फिरवावी लागली. ते पसरलेले हात काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

हाडे ठीक आहेत, व्यायाम करा, असे डॉक्टरांनी सांगितले. सूनबाई मला पिलाटिसच्या वर्गाला घेऊन गेली. नाव ऐकून मला ते एखादे परदेशी पक्वान्न वाटले! निघाले माणसाचे आडनाव. जोसेफ पिलाटिस १८८३ साली जर्मनीत जन्मला. लहानपणी दम्याने आणि मुडदुसाने बेजार. पहिल्या महायुद्धात तो इंग्लंडमध्ये होता, म्हणून इंग्रजांनी त्याला स्थानबद्ध केले. पुढे न्यूयॉर्कला पत्नी क्लारा हिच्यासह त्याने व्यायामशाळा चालविली. आपल्या पद्धतीला तो 'कंट्रोलॉजी' म्हणे. म्हणजे ताब्याचे शास्त्र. १९६७ साली तो वारला. त्याच्या मागून अनुयायांनी त्या शास्त्राची सहा सूत्रे मांडली: एकाग्रता, ताबा, मध्य, नेमकेपणा, श्वास आणि ओघ.

पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या मुलीने एका व्यायामाचे नाव सांगितले, 'हंड्रेड'. मी मनात म्हटले, हे तर आपले घरचेच! उताणे निजायचे, डोके व खांदे उचलायचे आणि शरीरालगत ताठ धरलेले हात खालीवर हलवायचे. मी सपाट्याने आकडे मोजू लागलो. चाळिसाला मान भरून आली, चेहरा लाल झाला.

"काका," ती हसून म्हणाली, "श्वास कुठे ठेवलात?"

खरेच की! श्वास मी कोंडून धरला होता. मग तिने गुडघे वाकवून पुन्हा करायला लावले. पाच हेलकाव्यांत श्वास घ्यायचा, पाचांत सोडायचा, असे दहा वेळा. हात हलताना दिसले तरी आधार पोटाचा आणि कंबरेचा; हाच तो 'मध्य'. नाव शंभराचे, पण सांभाळायचे श्वास, आणि तेही दहाच! त्या दिवशी मला साताच्या पुढे जाता आले नाही. पण ते सात माझे होते. लहानपणीच्या त्या शंभरांपैकी किती माझे होते, कोण जाणे.

तेव्हापासून माझा हिशेब बदलला आहे. जेवताना, जिना चढताना, कुणाचे बोलणे ऐकताना अधूनमधून मी स्वतःला विचारतो, 'काका, श्वास कुठे ठेवलात?' पुष्कळदा तो पुढच्या कामात जाऊन बसलेला सापडतो.

परवा फराळाच्या डब्यांभोवती घुटमळणाऱ्या नातीने पुन्हा हात पसरले. मी गुडघे वाकविले, तिला छातीशी धरले, श्वास सोडला आणि सावकाश उठलो.

"आजोबा, आणखी किती वेळा उचलणार?"

"आज एकदाच," मी म्हटले.

पण लवकर खाली ठेवले नाही.